उथळ सायलेन्सरला खळखळाट फार!

गेल्या सेमिस्टरला रात्री साडेअकराच्या सुमारास हॉस्टेलच्या गेटसमोरून एक मोटरसायकल लवंगी माळ लावल्यासारखी तडतडत जायची, आठवतंय? पहिल्या मजल्यावरून शिव्याही यायच्या. मित्रांनो, तो मीच! माझं घर बिबवेवाडीतच, त्यामुळे सबमिशनच्या काळात रात्री हॉस्टेलवर येणं-जाणं असायचं. आज या पानावरून जाहीर माफी मागतो. माफीबरोबर थोडं मेकॅनिकलही सांगतो, कारण माझी चूक नुसती आवाजाची नव्हती.

गाडी आजोबांची. 1970 सालची जावा, 250 सीसी, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार झालेली. किक आणि गिअर एकाच दांड्यावर, सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन. हा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, म्हणजे अस्सल पार्ट्स आता शोधावेच लागतात. एवढं माहीत असूनही मी एका गॅरेजमध्ये जाऊन दोन्ही सायलेन्सर अर्धे कापून, आतली जाळी काढून आणली. का? तर सायलेन्सर मोकळा केला की पिकअप वाढतो! हे मला कुणी सांगितलं? कुणी एकाने नाही, सगळेच म्हणतात.

पहिले दोन दिवस मी हवेत होतो. तिसऱ्या दिवशी अप्परचा चढ लागला. आजोबांना मागे बसवून जो चढ तिसऱ्या गिअरवर निघायचा, तिथे एकट्याला दुसरा टाकावा लागला. पेट्रोल मोजून पाहिलं, तर लिटरमागे चार-पाच किलोमीटर कमी. आवाज वाढला आणि जोर गेला. असं का व्हावं?

उत्तर आपल्या पुस्तकातच होतं. टू-स्ट्रोक इंजिनाला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. जळालेला धूर बाहेर पडत असतानाच ताजं मिश्रण आत येतं आणि त्यातलं थोडं धुराबरोबर पाइपात निसटतं. त्याला थोपवणार कोण? तर पाइपातली दाबाची लाट! पोर्ट उघडला की ही लाट पाइपातून पुढे धावते आणि अरुंद होत जाणाऱ्या भागावर आपटून परत येते. ती पोर्ट बंद होण्याच्या जरा आधी पोचली, तर निसटलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. उघड्या टोकावरून मात्र परत येते ती ढकलणारी नव्हे, ओढणारी लाट.

साधा हिशेब करू. इंजिन 4750 आरपीएमवर फिरतंय, म्हणजे एका फेरीला सुमारे 12.6 मिलिसेकंद. पोर्ट 150 अंश उघडा राहतो असं धरलं, तर हातात साधारण 5.3 मिलिसेकंद. गरम वायूत लाटेचा वेग सेकंदाला 500 मीटर धरला, तर तेवढ्या वेळात ती जाऊन-येऊन सव्वादोन नव्हे, तब्बल 2.6 मीटर जाते. म्हणजे पाइपाची लांबी हवी 1.3 मीटरच्या आसपास. आणि मी काय केलं? कटर लावला! लांबी ठरवणाऱ्याने डोकं लावलं होतं, कापणाऱ्याने फक्त हात लावला.

आता कुणी म्हणेल, 'पण आरएक्स 100 ला चेंबर बसवल्यावर ती पळते की!' मान्य. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन यांनी याच लाटांचा अभ्यास करून 1961 पर्यंत 125 सीसीच्या इंजिनातून 25 हॉर्सपॉवर काढून दाखवली. त्याच वर्षी त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर पळून सुझुकीकडे गेला आणि 1962 मध्ये सुझुकीवर 50 सीसीचा जागतिक विजेता झाला. एवढी किंमत होती त्या ज्ञानाला! पण तो पाइप हिशेबाने बनवलेला असतो. शिवाय तो ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच जोर देतो, खाली गाडी मरगळते. सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीला त्याचा उपयोग किती?

आणखी एक गोष्ट. 2021 च्या नियमानुसार 50 वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण तिच्या चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. टू-स्ट्रोकमध्ये पाइप हा इंजिनाचाच भाग आहे असं माझं मत आहे. नियमाचं सोडा, निवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. माझी जावा त्यात बसत नव्हती, हे सांगायला मीटर नको, पहिला मजला पुरे.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. आजी सांगते, पूर्वी कोपऱ्यावर जावा वळली की त्या आवाजावर ती चहा ठेवायची. आजोबांनी माझी नवी 'कामगिरी' ऐकली. रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "अरे, ही आपली गाडी वाटत नाही." त्यानंतर ते गाडीवर बसलेच नाहीत.

मग नाना पेठेत तीन चकरा मारून जुन्या सायलेन्सरची जोडी मिळवली. एकाला पोचा आहे, पण जाळी शाबूत. अप्परचा चढ पुन्हा तिसऱ्यावर निघतो आणि मागे आजोबा असतात.

माझं म्हणणं मॉडिफिकेशन करू नका असं मुळीच नाही. आपण इंजिनिअर होणार, आपण नाही करणार तर कोण? पण आधी मोजा, मग कापा, आणि मूळ पार्ट जपून ठेवा. आपल्या लॅबमध्ये इंजिन टेस्ट रिग आहे. सरांना नम्र विनंती, पुढच्या वर्षी एक मिनी प्रोजेक्ट यावर द्या : एकच इंजिन, तीन वेगवेगळे पाइप, आणि टॉर्क, पेट्रोल, आवाज यांचे तीन ग्राफ. कापलेले तुकडे माझ्याकडे आहेत, पहिलं सॅम्पल मी देतो!