शहाण्याला शब्दाचा मार

संगणकाच्या धंद्यात असलेल्या आमच्या भाचे-पुतण्यांच्या तोंडी एक वाक्य फार असते. "प्रोग्रॅम अडकलाय? नऊ मार की!" हे वाक्य ऐकले की माझे डोके फिरते. का फिरते ते आज सविस्तर लिहितो. ज्यांना संगणकाचा कंटाळा आहे अशा नातेवाईकांनीही वाचावे, कारण पुढे त्यांच्यावरही पाळी येणार आहे.

आधी हे 'नऊ' काय ते सांगतो. युनिक्स आणि त्याच्या वंशातल्या लिनक्ससारख्या प्रणालींत चालू प्रोग्रॅमला बाहेरून काही कळवायचे तर 'सिग्नल' पाठवतात. प्रत्येक सिग्नलला नंबर असतो आणि ठरलेला अर्थ असतो. रत्नागिरीकरांना हे समजायला कठीण जाऊ नये. वादळाची चाहूल लागली की आपल्या बंदरात 'तीन नंबरचा बावटा' लागतो. एक ते अकरा असे बावट्याचे नंबर ठरलेले आहेत. दूर समुद्रात वादळ तयार होण्याची शक्यता असेल तर एक नंबर, आपल्याच बंदराला वादळी वाऱ्याचा धोका असेल तर तीन, मोठे संकट असेल तर आठ ते दहा. बावटा कुणाच्या होडीला दोर बांधून किनाऱ्याला ओढत नाही. तो फक्त सांगतो. जाळे आवरायचे की नांगर टाकायचा, हे तांडेल ठरवतो.

युनिक्समध्येही तसेच. दोन नंबर म्हणजे कुणीतरी कंट्रोल आणि सी ही बटणे दाबली, थांब. अकरा म्हणजे तू आपल्या हद्दीबाहेरच्या स्मृतीला हात लावलास. पंधरा म्हणजे, बाबा रे, आता आवरते घे. हे नंबर ज्या आज्ञेने पाठवतात तिचे नाव 'किल' आहे आणि सगळा घोटाळा या नावाने केला आहे. वास्तविक ती निरोप्याची आज्ञा आहे. नंबर न सांगता नुसते 'किल' म्हटले तर ती पंधराच नंबर पाठवते, म्हणजे विनंती करते.

निरोप पोहोचतो कसा तेही पाहण्यासारखे आहे. प्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो त्या प्रोग्रॅमच्या नावापुढे त्या नंबराची एक खूण करून ठेवतो. प्रोग्रॅम कर्नलकडचे काम आटोपून स्वतःच्या कामाकडे परत निघाला की वाटेत त्याला ही खूण दाखवली जाते. त्या नंबरासाठी त्याने काही तजवीज लिहून ठेवली असेल तर आधी ती चालते आणि मग तो जिथे होता तिथून पुढे काम सुरू करतो. तजवीज नसेल तर ठरलेला परिणाम होतो, बहुधा शेवट. खूण एकच असल्यामुळे ती उमटलेली असताना तोच नंबर आणखी तीनदा पाठवला तरी तो एकदाच पोहोचतो. बावटा तीनदा फडकवला म्हणून तीन वादळे येत नाहीत!

या सगळ्यात नऊ आणि एकोणीस हे दोन नंबर वेगळे. प्रोग्रॅमला ते अडवता येत नाहीत, टाळता येत नाहीत, त्यांच्यासाठी तजवीजही लिहिता येत नाही. एकोणीस त्याला जागच्या जागी थांबवतो, नऊ संपवतो. खरे म्हणजे नऊ त्या प्रोग्रॅमला कधी 'मिळत'च नाही. त्याचा कारभार कर्नल परस्पर गुंडाळतो.

मी नऊ नंबराच्या विरोधात नाही हे इथेच सांगतो. बेबंद झालेल्या प्रोग्रॅमला आवरणारा अधिकार कुणाकडे तरी हवाच. माझे भांडण पहिल्याच फटक्याला नऊ मारणाऱ्यांशी आहे. परीक्षेत वेळ संपत आली की आपण आधी इशाऱ्याची घंटा देतो, मग उत्तरपत्रिका गोळा करतो. घंटा न देता पेपर हिसकावणाऱ्या पर्यवेक्षकाला कुणी कार्यक्षम म्हणत नाही.

पंधरा मिळाला तर चांगला प्रोग्रॅम हातातले लिखाण पुरे करतो, मी चालू आहे अशी खूण म्हणून ठेवलेली फाइल पुसतो, हाताखालच्या प्रोग्रॅमना कळवतो आणि जातो. नऊ मारल्यावर स्मृती आणि उघड्या फायली कर्नल परत घेतो, पण अर्धी लिहिलेली फाइल अर्धीच राहते. खुणेची फाइल तशीच पडून राहते, आणि पुढच्या वेळी "मी आधीच चालू आहे" असे खोटे ऐकावे लागते. हाताखालचे प्रोग्रॅम पोरके होतात आणि त्यांना बहुधा पहिल्या क्रमांकाची प्रोसेस दत्तक घेते. आमच्या ओळखीच्या एका ग्रंथालयात हेच झाले. पुस्तकांची सूची जुन्या पद्धतीच्या मायएसक्यूएल तक्त्यात होती. यंत्र संथ झाले म्हणून आलेल्या तंत्रज्ञाने त्याला नऊ मारला आणि चहा पिऊन निघून गेला. दुसऱ्या दिवशी तक्ता 'बिघडलेला' म्हणून उघडेना. दुरुस्तीत दिवस गेला, दारात वाचक ताटकळले. तंत्रज्ञाच्या हिशेबी मात्र काम दोन मिनिटांत झाले होते!

यावर भाचेमंडळींची दोन उत्तरे ठरलेली आहेत.

पहिले उत्तर, "पंधरा ऐकतच नाही हो." का ऐकत नाही ते कधी पाहिले आहे? प्रोग्रॅम डिस्कच्या उत्तराची वाट पाहत गाढ अडकला असेल तर पुष्कळदा नऊसुद्धा त्याला लागू पडत नाही, वाट संपेपर्यंत थांबावेच लागते. तो 'झोंबी' झाला असेल तर तो आधीच मेलेला आहे. त्याच्या जनक प्रोग्रॅमने नोंद घ्यायची राहिली आहे, मेलेल्याला नऊ मारून काय मिळणार? आणि हल्ली सगळे ज्याच्या मागे आहेत त्या डॉकरच्या डब्यात प्रोग्रॅम पहिल्या क्रमांकाने चालतो. त्या क्रमांकाला कर्नलचे संरक्षण असते, म्हणून मुद्दाम तजवीज लिहिली नसेल तर पंधरा त्याच्यापर्यंत जातच नाही. डॉकर सहसा दहा सेकंद वाट पाहतो आणि नऊ मारतो. म्हणजे चार ओळी लिहायचा आळस तुमचा आणि फाशी त्याला!

दुसरे उत्तर जास्त विद्वत्तेचे. २००३ साली कॅन्डिया आणि फॉक्स या दोन संशोधकांनी असे मांडले की प्रोग्रॅम कोसळण्यासाठीच तयार असावा, थांबवण्याची वेगळी रीत नकोच. या विचारात तथ्य आहे. कोकणात राहणाऱ्याला ते पटवावे लागत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. वीज जाताना पंधरा नंबर पाठवून जात नाही. तेव्हा अचानक मरण आले तरी हिशेब शाबूत राहावा, अशी बांधणी हवीच. पण मरणाची तयारी ठेवणे वेगळे आणि उठसूट मारणे वेगळे. अंगात लाइफ जॅकेट आहे म्हणून कुणी खलाशाला समुद्रात ढकलत नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस पाहा. कोसळल्यावर तो स्वतःला सावरतो, तरी थांबवण्यासाठी त्याने तीन पायऱ्या ठेवल्या आहेत. पंधरा आला तर असलेल्या लोकांचे काम संपेपर्यंत थांबतो, दोन आला तर चालू व्यवहार रद्द करून नीट बंद होतो, तीन आला तर तडक जातो आणि पुढच्या वेळी सावरतो. आणि नऊ वापरू नका, असे त्याच्या माहितीपुस्तकातच लिहिले आहे. कोसळून उठणे ज्याला सर्वात चांगले जमते, तोच हे सांगतो!

इशारा ऐकणाऱ्याचीही जबाबदारी असते, तीही सांगितली पाहिजे. सिग्नल कोणत्याही क्षणी येतो, हातातले काम अर्धवट असताना येतो. तेव्हा तजवीज आखूडच असावी. खूण करून ठेवावी, बाकीचे काम नंतर सावकाश करावे. हे न पाळल्याचा दाखला १ जुलै २०२४ रोजी जगापुढे आला. दूरच्या संगणकात शिरण्यासाठी जगभर वापरला जाणारा ओपनएसएसएच हा प्रोग्रॅम, एकशेवीस सेकंदांत कुणी ओळख पटवली नाही तर गजराचा सिग्नल घेतो. त्या गजराच्या तजविजीत नोंदवहीत लिहिण्याचे काम घातलेले होते, आणि तशा क्षणी ते सुरक्षित नव्हते. त्या फटीतून परक्याला थेट सर्वाधिकार मिळवता येत होते. हाच दोष २००६ मध्ये दुरुस्त झाला होता. २०२० च्या एका बदलात तो परत आला.

इशारा वाया जाऊ नये म्हणून लोकांनी किती खटपट केली आहे! १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये तजवीज एकदाच लागू पडे. ती पुन्हा मांडण्याआधी दुसरा सिग्नल आला तर प्रोग्रॅम जायचा. १९८३ मध्ये बर्कलेकरांनी ते सुधारले, १९८८ मध्ये पॉझिक्सने सर्वांसाठी नियम केला. आणि आपण ते सगळे नऊच्या एका फटक्यात निकालात काढतो. वेळेवर पोहोचलेल्या इशाऱ्याची किंमत काय असते, हे ११ नोव्हेंबर २००९ च्या फयाननंतर रत्नागिरीला तरी सांगावे लागू नये. संगणकाची आणि माणसाच्या जिवाची बरोबरी मी करत नाही. पण आधी सांगावे आणि सांगितल्यावर वेळ द्यावा, ही रीत दोन्हीकडे एकच.

आता नातेवाईक. लिनक्सचा संगणक बंद करायला सांगितल्यावर तो सर्वांना पंधरा पाठवतो, थांबतो आणि मगच नऊ मारतो. हल्ली बहुतेक ठिकाणी हे थांबणे नव्वद सेकंदांपर्यंत असू शकते. तेवढ्यात आपल्यापैकी काहीजण बटण दाबून धरतात. हे नऊपेक्षा वाईट. नऊमध्ये निदान कर्नल जिवंत असतो आणि त्याच्या हाती दिलेले लिखाण डिस्कवर जाते. बटण धरले की कर्नलही गेला आणि त्याच्या हातातलेही गेले. बंद होताना दीड मिनिट लागले तर देवाला दिवा लावून या.

असो. क्रम एवढाच आहे. आधी पंधरा, मग थोडी वाट, मग का ऐकत नाही त्याचा शोध, आणि सगळे करून झाल्यावर नऊ. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो. पण तो शब्द आधी उच्चारावा लागतो, आणि तेवढाच आपण विसरलो आहोत.