फुकट नमुन्याचा खर्च कोणाच्या खाती?

पेढीवर आलेल्या गिऱ्हाइकाला मालाचा नमुना विनामूल्य दाखविण्याची रीत जुनी आहे. नमुन्याची किंमत गिऱ्हाईक देत नाही; तरी ती कोणाच्या तरी वहीत नावे पडतेच. घरोघरी पडद्यावर दिसणारा म्युझिक व्हिडिओ हाही मुळात असाच एक नमुना आहे. त्याचा इतिहास जमाखर्चाच्या दृष्टीने वाचला तर बरेच काही उमगते.

या प्रकाराची सुरुवात दोन विक्रेत्यांनी केली, हे व्यापारी कुटुंबांना विशेष वाटेल. न्यूयॉर्कचे एडवर्ड मार्क्स बटणे विकत, तर जोसेफ स्टर्न गळपट्ट्या म्हणजे नेकटाय विकत. या दोघांनी 1894 साली ‘द लिटल लॉस्ट चाइल्ड’ हे गीत रचले. गायक रंगमंचावर गात असताना गीतातील प्रसंगांची छायाचित्रे दिव्याच्या यंत्राने मागच्या पडद्यावर दाखविण्यात आली. ध्वनिमुद्रिका अद्याप घरोघरी पोहोचल्या नव्हत्या. विकायचे होते ते गीताच्या छापील स्वरलिपीचे कागद. ते लाखोंनी खपले. चित्र हे निमित्त आणि कागद हा माल, ही विभागणी तेव्हाच ठरली.

पुढे 1940 साली शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीने ‘पॅनोरॅम’ नावाचे यंत्र उपाहारगृहांत आणि मद्यालयांत बसविले. दहा सेंटचे नाणे टाकले की सुमारे तीन मिनिटांचा गीतपट दिसे. येथे मात्र चित्र हाच माल होता आणि पाहणारा रोख मोजत होता. पण एका रिळावर आठ गीते एकापाठोपाठ जोडलेली असत. हवे ते निवडण्याची सोय नव्हती. महायुद्धानंतर हा धंदा लवकरच बसला.

इंग्लंडमध्ये बीटल्स या वाद्यवृंदाने 1965-66 मध्ये आपल्या गीतांचे छोटे चित्रपट तयार केले. प्रत्येक दूरचित्रवाणी केंद्रावर स्वतः जाण्याऐवजी ते पाठविणे सोयीचे होते. फिरत्या विक्रेत्याने स्वतः न जाता नमुन्याची पेटी धाडावी, तसेच हे झाले. 1975 साली क्वीन या वृंदाने ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची चित्रफीत अवघ्या काही तासांत चित्रित केली. ते गीत ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे प्रथम क्रमांकावर राहिले, आणि चित्रफितीची विक्रीशक्ती ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या ध्यानी आली.

1 ऑगस्ट 1981 रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली. चोवीस तास दाखवायचा तिचा माल बव्हंशी कंपन्यांकडूनच विनामूल्य येई. चित्रफितीमुळे मुद्रिका खपतात म्हणून कंपन्या ती देत. वाहिनी तिच्याभोवती जाहिराती विकून स्वतःचे भांडवल उभारी. काही वर्षांत मोठ्या कंपन्यांनी मोबदल्याची मागणी केली आणि 1984 पासून काही चित्रफिती प्रथम दाखविण्याच्या हक्कापोटी वाहिनी पैसे मोजू लागली.

चित्रफितीचे संकेतही या विक्रीतूनच घडले. गायक ध्वनिक्षेपकावर लावलेल्या गीताबरोबर केवळ ओठ हलवितो, कारण विकायचे असते ते ध्वनिमुद्रित गाणे. चेहरा वारंवार जवळून दिसतो, कारण दुकानात मुद्रिकेच्या वेष्टनावर तोच ओळखायचा असतो. दृश्ये तालावर बदलतात, म्हणजे ताल मनात ठसतो. आरंभी व अखेरीस खालच्या कोपऱ्यात गीत, गायक, संग्रह आणि कंपनी यांची नावे येत. ती मालावरची चिठ्ठीच होय. दिग्दर्शकाचे नाव मात्र एमटीव्हीवर त्या चिठ्ठीत 1992 च्या अखेरीस आले.

मायकेल जॅक्सन यांच्या ‘थ्रिलर’ची सुमारे चौदा मिनिटांची चित्रफीत डिसेंबर 1983 मध्ये झळकली. संग्रह वर्षभर जुना झालेला असल्याने कंपनी मोठा खर्च करण्यास नाखूश होती. तेव्हा चित्रफितीच्या निर्मितीवर एक माहितीपट काढण्यात आला, त्याचे हक्क वाहिन्यांना आणि व्हिडिओ कॅसेटच्या व्यापाऱ्याला विकण्यात आले आणि त्यातून खर्च भागला. ज्याच्यापाशी पत आणि सल्लागार होते, त्याने जाहिरातीलाच माल बनविले.

सर्वांना हे साधत नाही. अमेरिकेच्या अटलांटा शहरातील तीन युवतींच्या टीएलसी या वृंदाचे उदाहरण बोलके आहे. त्यांच्या ‘वॉटरफॉल्स’ या गीताच्या चित्रफितीवर सुमारे 10 लाख डॉलर खर्च झाला. सप्टेंबर 1995 मध्ये एमटीव्हीने तिला वर्षातील सर्वोत्तम चित्रफीत ठरविले. त्याआधी जुलैमध्येच, संग्रहाची तडाखेबंद विक्री चालू असताना, या तिघींनी दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला होता! एका सदस्येवरील विमा कंपनीचे मोठे देणे, हे त्याचे एक कारण होते. पण दुसरे कारण करारात होते. अशा करारांत चित्रफितीचा, प्रवासाचा, प्रसिद्धीचा खर्च कंपनी प्रथम करते. मात्र तो उचल समजून कलावंताच्या स्वामित्वधनातून वळता केला जातो. गाणे गावभर वाजत असते आणि गाणाऱ्याच्या खात्यावर नावे बाकी दिसत राहते. पुढे तडजोड होऊन त्यांचा करार नव्याने झाला.

2009 साली मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी ‘व्हेवो’ ही सेवा काढून यूट्यूबवरील जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळविला. असा नमुनाही कमावू लागला आहे. परंतु त्या कमाईचा वाटा कोणास, हे अजूनही करारच ठरवितो.

आज आपल्याकडेही हौशी तरुण-तरुणींच्या चित्रफिती घरच्या भांडवलावर निघू लागल्या आहेत. अशा वेळी वडीलधाऱ्यांनी गाणे ऐकावे, कौतुकही करावे. पण सही होण्यापूर्वी कागद मागवून घ्यावा. निर्मात्याने केलेला खर्च हा त्याची स्वतःची गुंतवणूक आहे की परतफेडीची उचल? ती कोणत्या उत्पन्नातून वळती होणार? आणि सर्व रक्कम फिटल्यावर चित्रफितीचा मालक कोण राहणार? या प्रश्नांची उत्तरे तोंडी न घेता करारात लिहून घ्यावीत. पेढीवर साध्या उधारीलाही आपण एवढी काळजी घेतो. मुलांच्या कलेला ती नाकारू नये.