कडेच्या मातीचे काय?

सायकलला पेडल न मारता वेग घ्यायचा. उंचवट्यावर अंग हलके करायचे, उतारावर हातापायांनी सायकल खाली दाबायची आणि कलत्या वळणावरून फिरून पुन्हा पहिल्या उंचवट्यापाशी यायचे. हा पंप ट्रॅकचा खेळ. यात मांड्या, पोट, पाठ आणि खांदे एकाच वेळी कामाला लागतात, तोल सुधारतो आणि दहा मिनिटांत घाम निघतो. या खेळाच्या पहिल्या जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी २०१८ साली अमेरिकेतील आर्कान्सास राज्यात, स्प्रिंगडेल येथे झाली. आता भारतातही असे ट्रॅक होऊ लागले आहेत. जागा थोडी लागते, लहान मुलापासून पन्नाशीच्या माणसापर्यंत कोणीही ते वापरू शकते आणि रस्त्यावरच्या वाहनांची भीती नसते. मैदाने आक्रसत चाललेल्या शहरांना ही सोय हवीच.

मात्र ट्रॅक बांधताना सगळी चर्चा चाकाखालच्या पट्ट्याची होते. तो डांबराचा करायचा की दाबलेल्या मुरमाचा, उंचवटे किती, वळणे किती, हे तपशिलाने ठरते. दोन पट्ट्यांमधली जागा, उंचवट्यांचे उतार आणि वळणांच्या बांधांची पाठ मात्र ‘सुशोभीकरण’ या सदरात जाते. हे सदर अंदाजपत्रकात शेवटी येते आणि पैसे कमी पडले की सर्वांत आधी कापले जाते. चूक इथेच होते. कडेच्या मातीवर काय आहे, यावर ट्रॅकचे आयुष्य आणि तिथे खेळणाऱ्या मुलांची फुप्फुसे, कातडी व हाडे अवलंबून असतात.

आधी पावसाचे पाहू. मोठा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी तीस किलोमीटरच्या आसपास असतो. उघड्या मातीवर हा मारा बसला की कण सुटे होतात आणि उतारावरून वाहणारे पाणी ते घेऊन जाते. डांबरी ट्रॅकवर धोका आणखी वाढतो. डांबरात पाणी मुरत नाही, त्यामुळे सगळे पाणी कडेला एकवटून उतरते आणि नेमकी पट्ट्याला आधार देणारी माती कापत जाते. आधार गेला की डांबराची कड तुटते. भराव काळ्या मातीचा असेल तर भरीत भर. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. तुटलेल्या कडेवर चाक गेले की सायकलस्वार पडतो, आणि पडताना माणूस हात पुढे करतो. म्हणून अशा वेळी मनगट आणि कोपर आधी दुखावतात.

कोरड्या दिवसांत हीच माती हवेत असते. शांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोरात व्यायाम करताना हे प्रमाण अनेक पटींनी वाढते आणि श्वास नाकाऐवजी तोंडाने घेतला जातो. नाकातली गाळणी टळली की धूळ अधिक खोल जाते. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या मुलाला व्यायामासाठी धुळीच्या जागेत पाठवणे म्हणजे औषधासोबत त्रासही देणे.

मोकळी माती फार काळ मोकळीही राहत नाही. पहिल्या पावसानंतर तिथे गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, उगवते. भारतात या तणाची पहिली ठळक नोंद १९५०च्या दशकाच्या मध्यास पुण्यात झाली आणि तेथून ते देशभर पसरले. उकरलेली, भराव घातलेली जमीन त्याला फार मानवते. एकेक झाड हजारो बिया टाकते. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला खाज आणि पुरळ येते, तर परागकणांनी शिंका व दमा बळावतो. म्हणजे कडेला काहीच न लावण्याचा निर्णय हा प्रत्यक्षात गाजर गवत लावण्याचा निर्णय ठरतो.

यावर झटपट वाटणारे तीन उपाय आहेत. पहिला खडी पसरण्याचा. सुटी खडी पायांनी आणि चाकांनी ट्रॅकवर येते. डांबरावर चार खडे पडले तरी वळणावर चाक घसरायला पुरेसे होतात. दुसरा पेव्हर ब्लॉकचा. त्यावर पडणे आणि रस्त्यावर पडणे यात फरक नाही, शिवाय ट्रॅकवरून आलेले पाणी मुरायला जागा उरत नाही.

तिसरा आणि सध्या सर्वांत लोकप्रिय उपाय कृत्रिम हिरवळीचा. ती बाराही महिने हिरवी दिसते, उद्घाटनाच्या छायाचित्रात शोभून दिसते. पण अमेरिकेच्या यूटा राज्यातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ साली झालेल्या मोजणीत कृत्रिम हिरवळीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान सुमारे ४७ अंश सेल्सिअस भरले. डांबराचे सुमारे ४३ होते आणि खऱ्या गवताचे सुमारे २६. म्हणजे ही हिरवळ डांबरापेक्षाही तापली. मराठवाडा-विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये तिच्यावर घसरलेल्या गुडघ्याचे काय होईल, याची कल्पना करता येते. अशा मैदानांत भरल्या जाणाऱ्या रबर-प्लास्टिकच्या दाण्यांचे सूक्ष्म कण माती-पाण्यात मिसळतात. म्हणून युरोपीय संघाने २०२३ साली त्यांच्या विक्रीवर आठ वर्षांच्या मुदतीनंतर लागू होणारी बंदी घातली. जे युरोप काढू पाहतो आहे, ते आपण नव्याने अंथरण्यात शहाणपण नाही.

खरा उपाय आपल्या पायाखालचा आहे: हरळी. गणपतीला वाहतात त्या दूर्वा याच गवताच्या. जमिनीवर पसरणाऱ्या आणि जमिनीखालून धावणाऱ्या कांड्यांनी ती माती जाळीसारखी धरून ठेवते. तुडवली तरी पुन्हा फुटते. उन्हाळ्यात वाळून पिवळी पडली तरी कांड्या जिवंत असतात आणि पहिल्या पावसात ती हिरवी होते. पडणाऱ्याला ती खडी किंवा ब्लॉकपेक्षा मऊ असते.

वळणांच्या बांधांची बाहेरची, जास्त उभी बाजू वाळ्याकडे सोपवता येईल. वाळ्याची मुळे दोन-तीन मीटर सरळ खोल जातात. जमिनीची धूप रोखण्यासाठी १९८०च्या दशकात जागतिक बँकेने भारतातील पाणलोट प्रकल्पांत वाळ्याच्या ओळींचा पुरस्कार केला होता. त्याची पाती धारदार असतात, म्हणून तो खेळणाऱ्यांच्या पडण्याच्या कक्षेबाहेरच हवा. कुंपणालगतच्या पट्ट्यात टाकळ्याचे बी टाकले तर तो गाजर गवताला मागे रेटतो.

हरळीवर आक्षेप आहेत आणि ते रास्तही आहेत. पहिला पाण्याचा. भर उन्हाळ्यात गवत हिरवे ठेवायचे तर चौरस मीटरला रोज पाच-सहा लिटर पाणी लागते. पाचशे चौरस मीटरला ते अडीच-तीन हजार लिटर होते, आणि टँकरवर जगणाऱ्या शहरात हे परवडणारे नाही. उत्तर सोपे आहे: मूळ धरल्यावर उन्हाळ्यात ते पिवळे पडू द्यावे. वाळलेले गवतही माती धरते. दुसरा आक्षेप ॲलर्जीचा. हरळीच्या परागकणांचाही काहींना त्रास होतो. तिसरा सापांचा. या दोन्हींवर नियमित कापणी हाच इलाज आहे. तुरे येण्याआधी गवत कापले आणि ते घोट्याच्या खाली ठेवले तर पराग कमी होतो आणि जमिनीवरचे काही लपून राहत नाही. ट्रॅक मुरमाचा असेल तर हरळी त्यावरही चढते. तिथे कडेने फावड्याची एक रेघ ओढून ती वेळोवेळी मागे सारावी लागते. देखभाल लागतेच, पण ती माळ्याची असते. तुटलेले डांबर पुन्हा करण्यापेक्षा ती कितीतरी स्वस्त पडते.

गवताने न सुटणारा एक प्रश्न मात्र उरतो, तो खोलगट भागांत साचणाऱ्या पाण्याचा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यातून डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून प्रत्येक खोलगट भागातून पाणी बाहेर काढणारा उतार किंवा नळी बांधकामातच हवी. व्यायामाची जागा तापाचा अड्डा झाली तर लोक खेळाला दोष देतील.

सावलीचाही विचार हवा. मुले संध्याकाळी येतात, तेव्हा ऊन पश्चिमेचे असते. त्या बाजूला कडुनिंब किंवा करंज लावावा, पण पुरेशा अंतरावर, म्हणजे मुळे डांबर उचलणार नाहीत आणि फळे-पाने चाकाखाली येणार नाहीत.

शेवटची अडचण कॅलेंडरची. सरकारी काम मार्चअखेर संपवण्याची घाई असते, गवत मात्र जून-जुलैत धरते. मधले महिने भराव उघडा पडतो, आधी धूळ उडते आणि मग पहिलाच वळीव उतार कापून नेतो. त्यासाठी काथ्याची जाळी आहे. ती उतारावर खुंट्यांनी ताणून बसवली की मातीला आधार मिळतो, तिच्या छिद्रांतून हरळी वर येते आणि काही वर्षांनी जाळी कुजून मातीत मिसळते. तोवर मुळांनी जागा घेतलेली असते.

म्हणून महापालिका-नगरपालिकांनी पंप ट्रॅकच्या निविदेतून ‘सुशोभीकरण’ हा शब्दच काढून टाकावा. कडेचे आच्छादन आणि पाण्याचा निचरा ट्रॅकच्या मूळ बांधकामातच मोजावा. ठेकेदारावर दोन पावसाळ्यांच्या देखभालीची जबाबदारी असावी आणि पहिल्या पावसाळ्यानंतर उतारावर गवत धरले आहे की नाही, हे पाहूनच अंतिम बिल निघावे. नागरिकांनीही नवा ट्रॅक पाहायला जाताना डांबराच्या गुळगुळीतपणासोबत त्याच्या दोन्ही बाजूंची जमीन पाहावी. ती उघडी असेल तर प्रश्न विचारण्याची वेळ पावसाळ्याच्या आधीची आहे.