सागवानाच्या दरात इपेचं काम?

लोणावळा, पवना भागात फार्महाऊसच्या डेकला हल्ली ‘इपे’ मागणारे वाढलेत. दक्षिण अमेरिकेतलं लाकूड. इतकं घट्ट की पाण्यात टाकलं तर बुडतं. (आपलं अंजनही बुडतं, पण ते कोण विचारतो!)

लाकूड भारी, मान्य. पण त्यावर काम करणारा आमच्या वराळे, इंदोरीकडचा मिस्त्री असतो आणि त्याला दर मिळतो स्क्वेअर फुटावर, तोही सागवानाचा. इपेत खिळा जातच नाही. प्रत्येक स्क्रूला आधी भोक पाडायचं. कार्बाइडचं पातंही लवकर बोथट होतं, आणि नवीन पातं त्याच्याच खिशातून.

वर तो पिवळसर भुसा. डोळे, नाक चुरचुरतं. लाकडाच्या धुळीनं कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच सांगितलंय. आपल्याकडे तोंडाला रुमाल बांधला की झालं.

२५ नोव्हेंबर २०२४ पासून इपेच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला साइट्स कराराची कागदपत्रं लागतात. चांगलंच आहे. मिस्त्रीच्या कागदाचं काय? कायद्यानं सुतार बांधकाम कामगारच आहे. बांधकामावरचा उपकर त्याच्याच नावानं गोळा होतो. पण नोंदणीला वर्षात ९० दिवस कामाचा दाखला हवा. चार साइटवर फिरणाऱ्याला तो देणार कोण?

तेव्हा बंगलेवाल्यांनो, कोटेशनमध्ये पाती, ड्रिल बिट आणि धुळीचा मास्क वेगळा लिहून मागा. आणि ठेकेदारांनो, दाखल्यावर सही करा. त्याला पैसे पडत नाहीत.