विश्लेषण : पहारेकरी दारात की घरात? संगणकाच्या सुरक्षेसाठी फायरवॉलचा ‘डबा’ पुरेसा का नाही?

‘प्रत्येक संगणकावर अँटीव्हायरस कशाला? इंटरनेटच्या जोडणीवर एकच फायरवॉलचा डबा बसवा, सगळे संगणक सुरक्षित,’ असा सल्ला छोट्या कार्यालयांना अनेकदा दिला जातो. ऐकायला तो सोपा वाटतो. मात्र उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात २०१७ मध्ये जे घडले, ते पाहिले तर या सल्ल्यावर विसंबणे महागात पडू शकते.

डबा नेमके काय करतो?

फायरवॉलचा डबा म्हणजे राउटर आणि कार्यालयातील संगणक यांच्यामध्ये बसणारा एक स्वतंत्र छोटा संगणकच. आतून कोणी न मागवता बाहेरून येऊ पाहणारी जोडणी तो अडवतो. त्याची खरी ताकद म्हणजे तो वेगळा असतो. एखाद्या संगणकात व्हायरस शिरला, तरी या पहारेकऱ्याला त्याला सहज झोपवता येत नाही. संगणकावर बसवलेल्या अँटीव्हायरसचे तसे नाही. ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार हाती आले की रॅन्समवेअर टोळ्या बहुतेक वेळा आधी अँटीव्हायरसच बंद करतात. शिवाय प्रिंटर, सीसीटीव्ही, हजेरीचे यंत्र यांवर अँटीव्हायरस बसवता येत नाही. त्यांना डब्याचाच काय तो आडोसा.

मग अडते कुठे?

आज इंटरनेटवरची बहुतेक ये-जा कूटबद्ध असते. डब्याला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतले पत्र नाही. पत्र वाचायचे तर डब्याचे प्रमाणपत्र प्रत्येक संगणकावर बसवावे लागते, म्हणजे पुन्हा संगणकात शिरणे आलेच! पेन ड्राइव्ह तर त्याच्या समोरून जातच नाही. लॅपटॉप घरी नेऊन मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला की डबा कार्यालयात आणि लॅपटॉप उघड्यावर.

जेएनपीटीत काय झाले होते?

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस पसरला. त्याची सुरुवात युक्रेनमधील ‘एम.ई.डॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली. विश्वासातल्या सॉफ्टवेअरचे अपडेट दारावर अडवणार कोण? डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीच्या नेटवर्कमध्ये तो असाच शिरला आणि जेएनपीटीतील याच समूहाच्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. तो विंडोजमधील ज्या त्रुटीचा वापर करत होता, तिच्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. पण एका संगणकाच्या मेमरीतून पासवर्ड चोरून तो अद्ययावत संगणकांतही घुसत होता. आतल्या एका संगणकाकडून शेजारच्या संगणकाकडे होणारा हा प्रवास दारातल्या डब्याला दिसणार तरी कसा?

मर्स्कला सुमारे ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. २५ ते ३० कोटी डॉलरचा फटका बसला. सगळ्या नेटवर्कची ओळखपाळख सांभाळणाऱ्या सर्व्हरची एकच धड प्रत वाचली, ती घाना देशातील कार्यालयात. कारण? तिथे वीज गेली होती आणि हल्ल्याच्या वेळी तो सर्व्हर नेटवर्कपासून तुटलेला होता. कोट्यवधींच्या यंत्रणेला लोडशेडिंगने तारले, असेच म्हणायचे.

डबा स्वतः सुरक्षित असतो का?

नेहमीच नाही. डब्यातही सॉफ्टवेअरच असते. दूरून काम करणाऱ्यांना कार्यालयाशी जोडणाऱ्या ‘इव्हान्टी’ कंपनीच्या उपकरणांत त्रुटी सापडल्यावर, २०२४च्या जानेवारीअखेरीस अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने सरकारी खात्यांना ही उपकरणे ४८ तासांत नेटवर्कमधून काढायला सांगितले. संगणकात बसणाऱ्या सॉफ्टवेअरचा धोका त्याच वर्षी १९ जुलैला दिसला. क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास निघाले.

पैसे कशावर खर्च करावेत?

घरी एक-दोन संगणक असतील तर डब्याची गरज नाही. विंडोजसोबत मिळणारा डिफेंडर चालू ठेवून अपडेट वेळेवर घेतले, तरी बरेच साधते. विंडोज १० वापरणाऱ्यांनी मात्र लक्षात घ्यावे, की त्याचा नियमित मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

दहा-पंधरा संगणकांच्या कार्यालयाने डबा जरूर घ्यावा, पण अँटीव्हायरस काढून नव्हे. वार्षिक परवाना संपला की नव्या धोक्यांची यादी डब्यापर्यंत येत नाही. दिवा मात्र हिरवाच राहतो. त्यामुळे नूतनीकरण आणि अपडेटची जबाबदारी एका माणसावर नावानिशी टाकलेली असावी. तसा माणूस नसेल, तर ते पैसे आधी दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घालावेत. बॅकअप झाला की डिस्क काढून कपाटात ठेवायची, कारण जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर संगणकासोबतच कुलूपबंद करते. आणि महिन्यातून एकदा तिच्यावरची टॅलीची एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर खरोखर उघडते का, हे तपासायचे.