मला कोणी विचारले नाही

गेल्या नाताळात आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात शहरातील एका वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. तिसऱ्या गीताच्या वेळी ध्वनिवर्धकातून अशी कर्णकर्कश शीळ निघाली, की पुढच्या रांगेतील वृद्धांनी कानांवर हात ठेवले आणि गायिका ओळ अर्धवट टाकून आत निघून गेली. वीस मिनिटांनी कार्यक्रम पुन्हा सुरू झाला खरा, पण रंगाचा बेरंग व्हायचा तो होऊन गेला होता. पुढच्या रविवारी धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत निकाल तयारच होता. आपल्या सभागृहाचा माइकवाला अडाणी आहे. यापुढे बाहेरून येणाऱ्या ध्वनिसंयोजकाच्या हाती सारी व्यवस्था सोपवावी आणि आपल्या माणसाने कुलूप उघडून बाजूला व्हावे, असा ठराव मांडला गेला. तो येत्या बैठकीत संमतीसाठी येणार आहे.

आम्ही या ठरावाच्या विरोधात आहोत. हा विरोध बैठकीच्या चार भिंतींत न ठेवता येथे उघडपणे मांडतो, कारण हा प्रश्न आमच्या एकट्या सभागृहाचा नाही. सणासुदीला जेथे जेथे पाहुणे कलावंत येतात, तेथे तेथे त्यांच्याबरोबर आलेला तंत्रज्ञ आणि सभागृहाचा घरचा माणूस यांच्यात हा तंटा पडद्यामागे धुमसत असतो. प्रेक्षकांना फक्त शीळ ऐकू येते.

त्या सायंकाळी घडले ते असे. आमच्या सभागृहाला पत्र्याचे छप्पर आहे. काही ठरावीक स्वर त्या पत्र्याला लागले की ते घुमू लागतात. ते स्वर कोणते, हे आमचा माणूस पंधरा वर्षांच्या सवयीने जाणतो आणि यंत्रावरील तेवढीच बटणे खाली दाबून ठेवतो. पाहुण्या तंत्रज्ञाने आल्याबरोबर ती सगळी बटणे एका सरळ रेषेत आणली. त्याच्या दृष्टीने तेही योग्यच होते. दुसऱ्याने केलेल्या खाडाखोडीवर कोणता लेखक आपला मजकूर लिहील? आमचा माणूस हाताची घडी घालून बघत राहिला. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक होते. आम्ही नंतर त्याला विचारले, "अरे, तू सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "फादर, मला कोणी विचारलंच नाही."

वाचकहो, या एका वाक्यात साऱ्या तंट्याचे मूळ आहे.

प्रथम पाहुण्याची बाजू घेऊ, कारण ती खरी आहे. 15 ऑगस्ट 1965 रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स या जगप्रसिद्ध चमूचा कार्यक्रम झाला. सुमारे पंचावन्न हजार श्रोते जमले होते. बेसबॉलच्या सामन्यात घोषणा देण्यासाठी बसवलेले ध्वनिवर्धक गाण्यासाठीही वापरले गेले. श्रोत्यांच्या आरडाओरड्यात गाणे बुडाले. गाणाऱ्यांनाही स्वतःचा आवाज धड ऐकू येईना. पुढच्याच वर्षी, 1966 च्या ऑगस्टनंतर, त्यांनी जाहीर दौरे थांबवले. कलावंताची गाणी, त्याच्या श्वासाच्या जागा आणि वाद्यांचा तोल ओळखणारा स्वतःचा माणूस बरोबर असला पाहिजे, हे अशाच अनुभवांतून पाश्चात्य संगीतसृष्टी शिकली. कोणत्या कडव्यात व्हायोलिन पुढे यावे आणि कोठे गायिकेचा आवाज नुसता तरळत ठेवावा, हे सभागृहाच्या माणसाने एका सायंकाळीत कसे जाणावे? म्हणून गाणे कसे ऐकू यावे याचा निर्णय पाहुण्याचाच असला पाहिजे. यात आम्हांला तिळमात्र शंका नाही.

त्याच 1965 साली, 25 जुलै रोजी, न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन प्रथमच विजेवरच्या गिटारींचा ताफा घेऊन उभा राहिला. आवाज फार मोठा आहे, तो कमी करा, असा निरोप महोत्सवाच्या संचालकांपैकी काहींनी ध्वनियंत्राशी बसलेल्या मंडळींकडे पाठवला. त्यांनी तो मानला नाही. श्रोत्यांतून जी हुर्यो उठली, ती नव्या संगीताविरुद्ध होती की धड ऐकू न येणाऱ्या शब्दांविरुद्ध, याचा वाद आजही मिटलेला नाही. यंत्रावर हात कोणाचा आणि शब्द कोणाचा, हे आधी ठरले नसले की भांडण ऐन गाण्यातच होते, एवढा बोध त्यातून आपण घ्यावा.

आता घरच्या माणसाची बाजू. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर वेगाने जातो. रंगमंचापासून 34 मीटर दूर बसलेल्या श्रोत्यापर्यंत गायकाचा आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो. पण तारेतून जाणारा संकेत मागच्या ध्वनिवर्धकात तत्क्षणी पोचतो. म्हणून मागचा ध्वनिवर्धक मुद्दाम तेवढा मागे रोखून धरावा लागतो; नाहीतर एकच शब्द दोनदा ऐकू येतो. रिकाम्या सभागृहात घुमणारा आवाज माणसे भरली की शोषला जातो. एखादा कोपरा बोलका असतो, एखादा मुका. ही माहिती वास्तूच्या भिंतींत असते आणि त्या भिंतींत वर्षानुवर्षे वावरणाऱ्या माणसाच्या कानांत असते.

मोठमोठ्या वास्तूंनाही हे चुकलेले नाही. लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल 1871 साली उघडला, तेव्हापासून त्याच्या घुमटात आवाज घुमत असे. अखेर 1969 साली छताखाली अळंबीच्या आकाराच्या मोठमोठ्या तबकड्या टांगल्या गेल्या, तेव्हा तो दोष पुष्कळसा आटोक्यात आला. मुंबईत नरिमन पॉइंटला 1980 साली उघडलेल्या टाटा थिएटरची गोष्ट याच्या उलट आहे. फिलिप जॉन्सन या वास्तुशिल्पज्ञाने आणि सिरिल हॅरिस या ध्वनिशास्त्रज्ञाने ते असे रचले, की विजेच्या मदतीवाचून गायनवादन शेवटच्या रांगेपर्यंत पोचावे. तेथे एखाद्याने ट्रकभर ध्वनिवर्धक आणून लावले, तर त्या वास्तूने आपण होऊन दिलेले दान तो नाकारतो. 'नाचता येईना अंगण वाकडे' अशी आपल्याकडे म्हण आहे. पण अंगण कधीकधी खरोखरच वाकडे असते. आमचेही होते. ते कोठे वाकडे आहे हे ज्याला माहीत, त्यालाच विचारायचे राहून गेले.

इथवर प्रश्न सुखदुःखाचा होता. आता जिवाचा येतो. 3 मे 1972 रोजी वेल्समधील स्वान्सी येथे लेस्ली हार्वी नावाचा सत्तावीस वर्षांचा गिटारवादक भर कार्यक्रमात मायक्रोफोनला हात लावताच विजेचा धक्का बसून मरण पावला. जोडणीत अर्थिंग नव्हते. ज्यांनी आपल्या सभागृहात कार्यक्रमापूर्वी 'घूं' असा आवाज ऐकला आहे आणि तो घालवण्यासाठी कोणीतरी अर्थिंगची तार सोडवताना पाहिला आहे, त्यांनी हे नाव विसरू नये. आवाजातली घरघर जाते. पण तिच्याबरोबर वादकाचे संरक्षणही जाते. कोणत्या खटक्यावर किती भार पेलतो, कोणता बोर्ड पावसाळ्यात ओल धरतो, हे आमच्या माणसाला ठाऊक आहे. "ही तार मी सोडू देणार नाही," असे तो म्हणाला, तर त्याला अडाणी म्हणायचे काय?

13 ऑगस्ट 2011 रोजी अमेरिकेत इंडियानापोलिस येथील जत्रेत वादळी वाऱ्याने रंगमंचावरचा तात्पुरता सांगाडा प्रेक्षकांवर कोसळला. सात माणसे दगावली. कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हे स्पष्ट नव्हते, असे चौकशीत दिसून आले. आभाळ भरून आलेले सर्वांना दिसत होते. 'थांबा' म्हणायचे कोणी, एवढेच ठरलेले नव्हते. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसे दोन धन्यांचे रंगमंच बेवारशी असते.

आपल्याकडे कायद्याचीही बाजू आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही; सणासाठी वर्षातून फार तर पंधरा दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. मैदानावरच्या कार्यक्रमाची परवानगी स्थानिक आयोजकाच्या नावावर असते. पाहुण्यांचा टेम्पो रात्रीच परत जातो. शेजारपाजारच्या आजाऱ्यांना आणि पोलीस ठाण्याला उत्तर द्यायला घरची माणसेच उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली कार्यक्रमस्थळांसाठी जी मर्यादा सुचवली, ती पंधरा मिनिटांच्या सरासरीने 100 डेसिबल आहे, आणि आवाज मोजण्याचे काम नेमून दिलेल्या माणसाने करावे असेही तिने म्हटले आहे. तो नेमलेला माणूस 'बाजूला व्हावा' असा ठराव आपण कसा करणार?

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे: गाण्यावर शब्द पाहुण्याचा, जिवावर आणि कायद्यावर शब्द घरच्याचा. पाहुण्याला गाण्यात घरच्याने अडवू नये. घरच्याने विजेच्या, वजनाच्या वा वेळेच्या कारणासाठी 'नाही' म्हटले, तर ते कोणी ओलांडू नये, मग ओलांडणारा प्रमुख पाहुणा असो वा फादर असो.

काही मंडळी म्हणतील, फादर, तुम्ही भाबडे आहात. सभागृहातली माणसे आळशी असतात. चांगला माइक कपाटात ठेवून मोडका पुढे करतात. काहीही मागा, 'नाही जमणार' हे उत्तर ओठांवर तयार. हा आरोप आम्ही फेटाळत नाही. अशी माणसे आम्ही पाहिली आहेत, आणि आमच्या माणसालाही आम्ही हे सुनावले आहे. तुला कोणी विचारले नाही हे खरे; पण ठाऊक असूनही तू गप्प राहिलास, तेव्हा त्या गायिकेचा अपमान तुझ्याही हातून झाला. आपला मान दुखावला म्हणून दुसऱ्याचे काम बुडू देणे हा काही सात्त्विक राग नव्हे. त्याने मान खाली घातली. पण आळसावर इलाज म्हणून माणसालाच हद्दपार केले, तर त्याच्याबरोबर त्याचे पंधरा वर्षांचे ज्ञानही दाराबाहेर जाते. शिवाय ज्याला जबाबदारी नाही, तो उद्या कुलूप तरी वेळेवर का उघडेल?

आणि आता आमच्या अंगावर येणारी गोष्ट. त्या दिवशी पाहुण्या तंत्रज्ञाने ध्वनिचाचणीसाठी एक तास मागितला होता. तो त्याला मिळाला नाही. का? तर त्या तासात आम्ही रंगमंचावर मान्यवरांच्या खुर्च्या मांडून घेत होतो. हार कोणी कोणाला घालायचे याची तालीम चालली होती. आम्ही स्वतः त्या तंत्रज्ञाला म्हणालो, "जरा थांबा, हे आटोपू द्या." ते आटोपेपर्यंत दारे उघडली आणि माणसे आत आली. त्या एका तासात आमच्या माणसाने दोन शब्द सांगितले असते आणि पाहुण्याने ते पडताळून पाहिले असते. शीळ पत्र्यातून निघाली, पण ती आमच्या खुर्च्यांनी वाजवली.

समारोपाच्या वेळी आम्ही सर्वांचे आभार मानले. गायकांना शाल, वादकांना पुष्पगुच्छ, निवेदिकेला भेटवस्तू. पाहुण्या तंत्रज्ञाचे नाव घेतले नाही, कारण ते आम्ही विचारले नव्हते. आमच्या माणसाचे घेतले नाही, कारण त्याला आम्ही सगळे 'ए माइकवाल्या' म्हणूनच हाक मारतो. दोघेही सकाळपासून राबत होते. जेवणाची पाने मांडली तेव्हा दोघेही केबल गुंडाळत होते, आणि ते आले तेव्हा भात संपला होता. असे असताना ते एकमेकांशी सौजन्याने वागले नाहीत म्हणून आपण नाक मुरडावे? ज्यांना यजमानाने माणूस म्हणून ओळखले नाही, त्यांनी एकमेकांना कसे ओळखावे?

म्हणून त्या ठरावाऐवजी आम्ही दुसरा ठराव मांडणार आहोत. कोणते वाद्य कोठे, किती माइक, किती वीज, याची यादी पाहुण्यांकडून पंधरा दिवस आधी मागवावी आणि ती मंडळाच्या फाइलमध्ये न ठेवता सभागृहाच्या माणसाच्या हाती द्यावी. पाहुणे आले की त्या दोघांची नावानिशी गाठ घालून द्यावी आणि वास्तूचे गुणदोष आधी घरच्याने सांगावेत. ध्वनिचाचणीचा एक तास अभंग राहावा; त्या वेळी रंगमंचावर खुर्ची, हार, भाषण काहीही चढू नये. विजेच्या, सुरक्षिततेच्या आणि वेळेच्या बाबतीत घरच्याचा नकार अंतिम मानावा. त्याला योग्य मोबदला द्यावा, आणि सणाच्या दिवशी दुप्पट काम करवून घेऊन 'देवाचे काम' म्हणत त्याची मजुरी बुडवू नये. आणि दोघांचे पान पहिल्या पंगतीला मांडावे.

पहिला ठराव सोपा आहे. त्याने दोष एका गरिबाच्या माथी बसतो आणि बाकी सगळे मोकळे होतात. दुसरा अवघड आहे, कारण त्यात आपल्याला आपल्या खुर्च्या हलवाव्या लागतात. बैठकीत मत देण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने सभागृहाच्या मागच्या बाजूस जावे आणि त्या माणसाला एकदा तरी विचारावे, "तुझं काय म्हणणं आहे?" आम्ही विचारायला पंधरा वर्षे उशीर केला आहे. आपण करू नये.