सूर्यास्तापूर्वीची मजुरी

नाताळच्या पहाटे प्रार्थनामंदिरात दिवे लागतात, दारावरची कागदी चांदणी वाऱ्यावर डोलू लागते, करंज्या-अनारशांची ताटे शेजारीपाजारी पोहोचतात, आणि गव्हाणीत निजलेल्या त्या बाळाकडे पाहताना आपले मन क्षणभर तरी निर्मळ होते. या आनंदात उणे काढण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. सण हा हवाच. तथापि ज्या बाळाचा जन्म आपण साजरा करतो ते पुढे मोठे झाले, बोलू लागले आणि त्याच्या बोलण्याने पुष्कळांची गैरसोय झाली, ही गोष्ट गव्हाणीतल्या गवतात हरवून जाते. बाळ काही मागत नाही; गुरू मागतो. म्हणूनच की काय, आपल्याला बाळ अधिक प्रिय वाटते!

नाताळपूर्वीच्या आगमनकाळातील तिसऱ्या रविवारी, दर तीन वर्षांतून एकदा, अनेक मंडळ्यांमध्ये लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातील एक प्रसंग वाचला जातो. यार्देन नदीच्या परिसरात बाप्तिस्मा करणारा योहान पश्चात्तापाचा उपदेश करीत आहे. त्याच्या शब्दांनी हादरलेले लोक त्याला विचारतात की, आता आम्ही करायचे तरी काय? स्वतः योहान अरण्यात राहणारा, उंटाच्या केसांचे वस्त्र नेसणारा, टोळ आणि रानमध खाणारा. त्याने या लोकांना घरदार सोडून आपल्यामागे यायला सांगितले असते तर नवल नव्हते. पण तो तसे काही सांगत नाही. उपवास सांगत नाही, यात्रा सांगत नाही, लांबलचक प्रार्थनाही सांगत नाही. दोन अंगरखे असतील तर एक नसलेल्याला द्या; अन्नाचेही तसेच करा. जकातदारांना तो म्हणतो, ठरवून दिले आहे त्याहून अधिक घेऊ नका. शिपायांना म्हणतो, कोणावर जुलूम करू नका, खोटे आळ घेऊ नका, आपल्या वेतनात समाधान माना. बस्स, एवढेच.

हे ‘एवढेच’ केवढे आहे, ते त्या काळची जकातीची रीत ध्यानात घेतल्यावर कळते. जकात वसूल करण्याचा हक्क मक्त्याने दिला जाई. मक्तेदाराने ठरलेली रक्कम सरकारात भरावयाची आणि वर जे सुटेल ते आपल्या पदरात टाकावयाचे. म्हणजे वरकमाई हा त्या धंद्याचा दोष नव्हता. तोच धंदा होता. अशा माणसाला ‘अधिक घेऊ नकोस’ असे सांगणे म्हणजे त्याच्या चुलीलाच हात घालणे. आणि तरीही योहान त्याला नाका सोडून जा असे सांगत नाही. त्याच नाक्यावर, त्याच खुर्चीवर बसून तू प्रामाणिक रहा, असे सांगतो. माझ्या मते हे संन्यासाहून कठीण आहे. संन्यास एकदाच घ्यावा लागतो. प्रामाणिकपणा दररोज, प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर, प्रत्येक कागदाबरोबर. आपल्या समाजातील कितीतरी मंडळी शिक्षक, परिचारिका, कारकून, दुकानदार म्हणून आयुष्य काढतात. त्यांच्या श्रद्धेची परीक्षा रविवारी सकाळी होत नाही, सोमवारी होते.

रविवारच्या उपासनेतही ती अधूनमधून होते म्हणा. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एक लहानसे चित्र आहे. सभेत एक सोन्याची अंगठी घातलेला, भपकेदार वस्त्रे ल्यालेला गृहस्थ येतो आणि मळक्या कपड्यांतला एक गरीबही येतो. पहिल्याला मानाची जागा मिळते. दुसऱ्याला उभे राहायला किंवा पायाशी बसायला सांगण्यात येते. एकोणीस शतकांहून जुने हे चित्र आहे. परंतु आपल्याकडील एखाद्या लग्नसमारंभात किंवा मंडळीच्या वार्षिक सभेत बसून ते काढले असावे, असा भास होतो.

आणि आपल्याकडे अंगठीच्या जोडीला आणखी एक गोष्ट असते. मुलामुलींची लग्ने जुळविताना ‘ख्रिस्ती’ या उत्तराने आपले समाधान होत नाही. थोडे थांबून, आवाज खाली आणून विचारले जाते, ‘मूळचे कोण?’ या दोन शब्दांनी बाप्तिस्म्याचे पाणी क्षणात वाळून जाते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या होत्या; १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यांत आले; ख्रिस्ती झालेले दलित मात्र बाहेरच राहिले. हा अन्याय आहे असे आपण म्हणतो आणि ते योग्यच आहे, कारण धर्म बदलल्याने समाजाची नजर बदलत नाही. परंतु ती न बदललेली नजर आपल्याच घरात, आपल्याच डोळ्यांत असेल, तर सरकारपुढे हे गाऱ्हाणे मांडताना आपली मान ताठ कशी राहावी?

यावर काही भाविक म्हणतात की, तारण विश्वासाने होते, कर्मांनी नव्हे. खुद्द मार्टिन ल्यूथरला याकोबाचे पत्र फारसे मोलाचे वाटत नव्हते, हेही खरे. पण ज्या पौलाचा आधार घेऊन हा मुद्दा मांडला जातो, तोच पौल गलतीकरांना लिहितो की, प्रीतीच्या द्वारे कार्य करतो तोच विश्वास उपयोगाचा. आणि फिलेमोनाला तो पळून आलेल्या गुलामाविषयी लिहितो तेव्हा केवळ उपदेश करीत नाही. त्या गुलामाचे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, असे स्वतःच्या हाताने लिहून देतो. याहून रोकडा विश्वास तो कोणता?

महाराष्ट्राला अशा रोकड्या विश्वासाची ओळख नाही असे नव्हे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तिसदनात त्या मुलींना केवळ प्रार्थना शिकविल्या गेल्या नाहीत. शेती, विणकाम, छपाई यांचेही शिक्षण मिळाले. रमाबाईंनी उतारवयात, मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून, साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये ते समग्र प्रसिद्ध झाले. त्याची छपाई मुक्तिसदनातल्या स्त्रियांनीच केली. शास्त्र कळावे आणि हातालाही काम मिळावे, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मानल्याच नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण निराळ्या प्रकारचे. १८९५ मध्ये रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. सोवळेओवळे कसोशीने पाळणाऱ्या या बाईंनी ते सोडले, पण कोणाच्या हुकुमावरून नव्हे, स्वतः विचार करकरून. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना वाटते, मोठे परिवर्तन व्यासपीठावर नव्हे, स्वयंपाकघरात आणि पाण्याच्या भांड्यापाशी होत असते.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात वेदीपाशी अर्पण आणलेल्या माणसाची गोष्ट आहे. भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करायला जा, असे प्रभू सांगतो. ऐकणारे गालीलातले, वेदी यरुशलेमेत. म्हणजे कित्येक दिवसांची पायपीट करून परत जायचे! वडिलोपार्जित वाफ्यावरून एकमेकांविरुद्ध दावे लावून, एकाच मंदिराच्या दोन बाजूंच्या बाकांवर बसणारे सख्खे भाऊ ज्यांनी पाहिले असतील, त्यांना येथे अधिक सांगायला नको. त्यांना तर केवळ मधली वाट ओलांडायची असते.

पण दुसऱ्यांच्या बाकांकडे बोट दाखविणे सोपे असते. काही वर्षांपूर्वी नाताळच्या आठवड्यात आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंनी महिन्याचे पैसे थोडे आधी मिळतील का, असे विचारले. घरात खरेदी चालू होती. नवे कपडे आले होते, केकची ऑर्डर गेली होती. ‘सण होऊ द्या, एक तारखेला देतोच,’ असे मी सांगितले. खोटे काहीच बोललो नव्हतो. पगार एक तारखेलाच ठरलेला होता. त्या ‘बरं’ म्हणून गेल्या.

त्या संध्याकाळी मी याकोबाचे पत्र शेवटपर्यंत वाचीत बसलो होतो. पाचव्या अध्यायात, शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि तो आक्रोश परमेश्वराच्या कानी गेला आहे, असे आहे. त्याचे मूळ शोधीत अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायाकडे गेलो. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याच्या आत द्यावी, कारण त्याचे चित्त तिच्याकडे लागलेले असते, अशी आज्ञा तेथे आहे. घड्याळात पाहिले, साडेसात वाजून गेले होते. पाकीट घेऊन बाहेर पडलो. पण बाईंचे घर कोठे आहे हे मला ठाऊक नव्हते. नऊ वर्षे त्या आमच्या घरी येत होत्या.